मका ‘बहीण’ कसा होईल?

अमेरिकेतल्या सेनेका या मूलनिवासी लोकांवरच्या लेखाचं भाषांतर करताना एक वाचक अडल्या आहेत. मका, घेवडा आणि भोपळा या पिकांना तिकडे ‘थ्री सिस्टर्स’ म्हणतात. मराठीत तर तिन्ही पुल्लिंगी. मग ‘तीन बहिणी’ लिहायचं की ‘तीन भावंडं’?

बहिणीच लिहा. ‘भावंडं’ लिहून व्याकरण सांभाळलं जाईल, पण मूळ मुद्दा हातचा जाईल. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातल्या या समाजात कूळ आईकडून चालतं आणि पूर्वी शेती बायकांची असे. पुरुषांनी रान तोडून जमीन मोकळी करून द्यायची, पेरणी-खुरपणी-काढणी बायकांनी करायची. शिवाय पिकांचं आपसातलं वागणंही बहिणींसारखंच. मातीच्या एकाच उंचवट्यावर मक्याचं ताट घेवड्याच्या वेलाला आधार देतं, घेवड्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत आणतात, भोपळ्याची रुंद पानं ओल धरून ठेवतात आणि तण दाबतात. मका ‘बहीण’ म्हणून वाचताना जीभ अडखळते, हे कबूल. ‘मकाबाई’ असंही माझ्या मनात येऊन गेलं, पण ते बडबडगीतातच शोभेल.

मला जास्त आवडतं ते सेनेकांनी स्वतः दिलेलं नाव. आर्थर पार्कर हे सेनेका वंशाचे अभ्यासक. त्यांनी १९१०मध्ये ते साधारण ‘द्योहेको’ असं नोंदवलं. अर्थ, ‘या आम्हाला जगवतात’. यासाठी मराठीत नवा शब्द घडवायला नको, ‘पोशिंदा’ आहेच. आपण तो शेतकऱ्याला लावतो, सेनेका तो मान थेट पिकाला देतात. तेव्हा एकदा तरी ‘पोशिंद्या बहिणी’ असं लिहून पाहा.

आता पिकांच्या नावांबद्दल. नुसतं ‘भोपळा’ लिहिलंत तर कुणाच्या डोळ्यांसमोर दुधी येईल. दुधी आपल्याकडे फार जुना. हा लाल भोपळ्याच्या गोतातला, मूळचा अमेरिकेचा. ‘घेवडा’ म्हटलं की अनेकांना वालाच्या शेंगा आठवतात, त्याही नव्हेत. हे राजम्याचं कूळ. साताऱ्याकडे कोरेगावचा वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे, तो याच प्रजातीतला. याच प्रजातीची कोवळी शेंग, म्हणजे फरसबी, तेवढी स्त्रीलिंगी सापडते. पण वर्षभर पुरवायचा तो वाळलेला दाणा, म्हणून मी ‘वेलीचा राजमा’ लिहीन. तोही पुल्लिंगीच निघाला, त्याला इलाज नाही.