एव्हरेस्ट बेस कॅम्प: या दिवाळीत कर्ज काढून, की पुढच्या मे महिन्यात साठवलेल्या पैशांतून?

साताऱ्याच्या एका माध्यमिक शिक्षिकेचे पत्र जुलैच्या पहिल्या आठवड्यात आले. त्यांचे वय ४४ असून हातात येणारा पगार ७४,००० रुपये आहे. त्यातून गृहकर्जाचा हप्ता २१,०००, घरखर्चातील त्यांचा वाटा ३०,००० आणि दोन एसआयपी मिळून १२,००० रुपये जातात. एसआयपीपैकी ७,००० रुपये अकरावीतील मुलीच्या शिक्षणासाठी आणि ५,००० निवृत्तीसाठी आहेत. पतींचे दुकान आहे आणि त्याचे उत्पन्न हंगामाप्रमाणे कमीजास्त होते. अडीअडचणीसाठी तीन लाखांची मुदत ठेव आहे आणि ट्रेकसाठी ४०,००० रुपये वेगळे ठेवलेले आहेत. या दिवाळीच्या सुटीत मार्गदर्शकासह एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक करण्याची त्यांची इच्छा आहे. एका संस्थेने १२ दिवसांचे ८९,००० रुपये सांगितले, दुसरीने १४ दिवसांचे १,०५,०००. पैसे ठेव मोडून उभे करावेत की दोन लाखांचे वैयक्तिक कर्ज घ्यावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

आपण जावे, असेच माझे मत आहे. सह्याद्रीतले गड वर्षानुवर्षे चढून, २०१९ मध्ये हिमाचलमधील सार पास हा ट्रेक करून आलेल्या व्यक्तीची ही इच्छा हौसेपोटी एका दिवसात उगवलेली नाही, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी ती पुढे ढकलत राहण्यातही अर्थ नाही. मात्र या दिवाळीत जाऊ नये, आणि आपण विचारलेल्या दोन्ही मार्गांपैकी एकही वापरू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

पत्रातील १,०५,००० हा आकडा काठमांडू ते काठमांडू एवढाच आहे. त्यात लुक्लाचे (जेथून चाल सुरू होते त्या गावाचे) विमान, निवास, जेवण, परवाने, मार्गदर्शक आणि दोघांत एक पोर्टर येतो. पुण्याहून काठमांडूला जाण्यायेण्याचे विमानभाडे माझ्या अंदाजाने २८,००० धरावे. बूट, डाऊन जॅकेट, स्लीपिंग बॅग, थर्मल असे सगळे नवे घेतल्यास ३८,००० लागतील. विम्याला ७,०००, वैद्यकीय तपासण्यांना ७,०००, मार्गदर्शक व पोर्टर यांच्या बक्षिसीला १०,०००, आणि वाटेत गरम पाणी, मोबाइल चार्जिंग, इंटरनेट व चहापाण्याला १२,००० रुपये ठेवावेत, कारण वाटेवरील नामचे या गावाच्या वर प्रत्येक वस्तू माणसाच्या किंवा याकच्या पाठीवरून येते आणि उंचीबरोबर तिची किंमतही वाढत जाते. ही बेरीज २,०७,००० होते. याशिवाय लुक्लाची विमाने हवामानामुळे अडकली, तर जादा मुक्काम किंवा हेलिकॉप्टरमधील एक आसन यासाठी ४०,००० रुपये हाताशी असायला हवेत. म्हणजे पत्रातील १,०५,००० रुपयांच्या दुपटीहून अधिक तयारी लागते.

आता कर्जाचा विचार करू. दोन लाख रुपये १४ टक्के दराने २४ महिन्यांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ९,६०० रुपये आणि एकूण व्याज सुमारे ३०,००० रुपये होते. आपल्याकडे दरमहा ११,००० उरतात. त्यातून हा हप्ता गेल्यावर १,४०० रुपये राहतील, आणि तेही मुलीची बारावी व महाविद्यालयीन प्रवेश ज्या दोन वर्षांत येतात नेमक्या त्याच काळात. ठेव मोडली तर आज सहा महिन्यांचा हप्ता व घरखर्च भागवणारी रक्कम दोन महिन्यांवर येईल. ज्या घरातले एक उत्पन्न हंगामी आहे, त्या घराला हे परवडणार नाही.

परंतु माझी खरी हरकत व्याजाला नाही. लुक्ला २,८६० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही सुमारे १,२०० मीटर उंच, आणि तेथून चाल सुरू होते. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे आणि तेथे हवेतून मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो. डोकेदुखी, उलटी, तोल जाणे ही लक्षणे वाढू लागली की वर न जाता खाली उतरणे हाच उपचार असतो, आणि तो निर्णय कित्येकदा शेवटच्या एकदोन मुक्कामांवर घ्यावा लागतो. ज्याच्या डोक्यावर पुढची दोन वर्षे फेडायचा हप्ता आहे, तो माणूस बेस कॅम्पच्या अलीकडच्या लोबुचे मुक्कामी डोके ठणकत असतानाही ‘एवढे पैसे घातले आहेत, उद्याचा दिवस काढू’ असे म्हणण्याची शक्यता अधिक असते. माघारी फिरलो तरी घरात काही बिघडणार नाही, अशाच पैशांनी या उंचीवर जावे, असे मी माझ्या प्रत्येक ग्राहकाला सांगत आलो आहे.

याच कारणासाठी १२ दिवसांचा स्वस्त पर्याय मी बाद करतो. ३,००० मीटरच्या वर रोजच्या झोपण्याच्या उंचीत सुमारे ५०० मीटरपेक्षा जास्त वाढ करू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, हा सर्वमान्य नियम आहे. १४ दिवसांच्या कार्यक्रमात नामचे (३,४४० मीटर) आणि दिंगबोचे (४,४१० मीटर) येथे असे दोन दिवस आहेत. १२ दिवसांच्या कार्यक्रमातून नेमके तेच काढलेले आहेत. या १६,००० रुपयांच्या बचतीत आपण शरीराला मिळणारा अवधी विकत आहात. दिवाळीच्या सुटीत १४ दिवस, शिवाय राखीव दोन दिवस बसत नाहीत, म्हणून आपला कल त्या पर्यायाकडे झुकला असावा. उन्हाळ्याच्या सुटीत ही अडचण राहत नाही. ऑक्टोबरमध्ये आकाश अधिक स्वच्छ असते आणि मे महिन्यात दुपारनंतर ढग येतात, हे खरे. पण मे महिन्याच्या सुरुवातीला निघून पावसाळ्यापूर्वी परतता येते आणि बिनपगारी रजाही लागत नाही.

पैशांची जुळणी अशी होते. जुलै ते एप्रिल या दहा महिन्यांत दरमहा ११,००० रुपये आवर्ती ठेवीत टाकल्यास १,१०,००० जमतील. इतक्या कमी मुदतीचा पैसा शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडात ठेवू नये. आधीचे ४०,००० मिळून दीड लाख होतात. निवृत्तीची ५,००० ची एसआयपी ऑगस्ट ते एप्रिल अशी नऊ महिने थांबवल्यास आणखी ४५,००० येतील. एरवी मी एसआयपी थांबवण्याच्या विरोधात असतो, पण पगारातून राष्ट्रीय पेन्शन योजनेत होणारी आपली कपात चालूच राहणार असल्याने नऊ महिन्यांचा खंड मला मान्य आहे. मुलीच्या एसआयपीला मात्र हात लावू नये. अशा रीतीने १,९५,००० रुपये हाती येतील. खर्चाच्या बाजूने, डाऊन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग काठमांडूच्या थमेल भागात भाड्याने घ्यावी. त्याने साहित्याचा खर्च २२,००० वर येईल आणि एकूण गरज १,९१,००० राहील. बूट मात्र स्वतःचे घ्यावेत, आणि ते डिसेंबरपर्यंत, म्हणजे अजिंक्यतारा व कळसूबाईवर ते पायात बसतील. राखीव ४०,००० साठी क्रेडिट कार्डाची तेवढी मर्यादा मोकळी ठेवावी. तशी वेळ आलीच, तर त्या महिन्याचे बिल ठेवीतून भागवणे हा ठेवीचा योग्य वापर ठरेल.

विम्याबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या पत्रात त्याचा उल्लेख केवळ ‘मेडिक्लेम आहे’ एवढाच आहे. नेपाळला जाण्यासाठी आपल्याला व्हिसा लागत नाही, त्यामुळे तो परदेश आहे हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. भारतातील नेहमीची आरोग्य पॉलिसी साधारणपणे भारतातील उपचारांपुरतीच असते. सामान्य प्रवास विमाही ठरावीक उंचीवरील ट्रेकिंग वगळतो. त्यामुळे ६,००० मीटरपर्यंतचे ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टरने सुटका, हे दोन्ही शब्द पॉलिसीच्या मजकुरात दिसल्याशिवाय हप्ता भरू नये. अशा सुटकेचा खर्च लाखांत जातो. आपली रक्तदाबाची गोळी सुरू आहे, हे प्रस्तावात लिहायलाच हवे. ते लपवले तर त्याच कारणाने दावा फेटाळला जाऊ शकतो. हेलिकॉप्टर बोलावण्यापूर्वी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवून मान्यता घेण्याची अट बहुधा असते. २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत गरज नसताना केलेल्या सुटकेच्या उड्डाणांचा आणि फुगवलेल्या बिलांचा प्रकार उघड झाला, तेव्हापासून कंपन्या अशा दाव्यांकडे अधिक बारकाईने पाहतात. तो क्रमांक आपल्याजवळ आणि मार्गदर्शकाजवळ कागदावर लिहिलेला असावा.

दोन बाबी थोडक्यात. भारतीय संस्था परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस (रकमेसोबतच गोळा केला जाणारा कर) घेते. तो खर्च नसून आपल्या नावावर जमा झालेला कर आहे आणि विवरणपत्र भरताना तो वळता होतो, म्हणून पावती जपावी. तसेच भारतीय १०० रुपयांना नेपाळी १६० हा दर स्थिर असल्याने रुपयांत ठरलेल्या रकमेला विनिमयाचा धोका नाही. संस्थेने डॉलरमध्ये दर दिला असेल, तर तो रुपयांत लेखी मागून घ्यावा.

महिनाअखेरची सवलत मिळावी म्हणून २५,००० रुपये आगाऊ भरण्याची घाई आपण करू नये. ही रक्कम परत मिळणार नाही, असे संस्थेच्याच अटींत लिहिले आहे. डिसेंबरमध्ये हृदयाची स्ट्रेस टेस्ट आणि रक्ततपासण्या करून, रक्तदाबाच्या गोळीसह या उंचीवर जाण्यास आपल्या डॉक्टरांची लेखी संमती घ्यावी. ती मिळाल्यावर, मे महिन्याच्या तुकडीसाठी, जानेवारीत आगाऊ रक्कम भरावी. त्यापूर्वी संस्थेकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: तुकडी रद्द झाल्यास किती पैसे परत मिळतील, लुक्लाला अडकल्यास जादा मुक्कामाचा खर्च कोणाचा, आणि एखाद्याला मधूनच खाली उतरावे लागल्यास त्याच्यासोबत कोण उतरेल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोघम आले, तर दर कितीही कमी असला तरी ती संस्था सोडून द्यावी.