पद्मिनी पोर्चमध्ये चालू ठेवायची की फिरवून आणायची?

प्रश्न: वडिलांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. दर रविवारी सकाळी स्टार्ट करून अर्धा तास पोर्चमध्येच चालू ठेवतो, बॅटरी चार्ज होते आणि इंजिन मोकळं राहतं म्हणून. मेहुणे म्हणतात अशाने इंजिनची वाट लागते. खरंय का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: मेहुणे बरोबर बोलतायत ओ. म्हणजे सात रस्ता चौकात दोन-चार मिनिटं गाडी उभी राहिली तर गरम इंजिनला काही होत नाही, त्याचं टेन्शन नको, पण थंड गाडी चालू करून चोक (थंड इंजिनला जास्त पेट्रोल देणारा खटका) ओढून अर्धा तास तशीच ठेवायची म्हणजे त्रास. चोकमुळे पेट्रोल जास्त जातं, सगळं जळत नाही, मग प्लग काळे पडतात आणि उरलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुवून पिस्टनच्या रिंगांवाटे खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून वास घ्या, पेट्रोलचा वास आला तर ऑइल पातळ झालंय समजा आणि बदलून टाका. प्लग पण काढून बघा, विटकरी-करडा असेल तर ठीक, काजळी धरली असेल तर एक तर हेच कारण, नाहीतर कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) बिघडलाय, तो सेट करून घ्या.

दुसरं पाण्याचं. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, खोटं वाटेल पण खरंय. गाडी पळाली तर ते वाफ होऊन निघून जातं, उभ्या गाडीत सायलेन्सरमध्ये साठतं आणि तो आतून गंजतो.

आणि बॅटरीचं म्हणाल तर चार्जिंगला जुना डायनामो असेल तर स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, तो जवळपास काहीच चार्ज करत नाही, डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणतो तो त्यासाठीच. त्याच्या जागी नवा अल्टरनेटर असला तरी थोडंच, सेल्फला जेवढी गेली तेवढी भरली तरी पुष्कळ.

एप्रिल-मेमध्ये तर हा प्रकार नकोच, आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, रेडिएटरचा फॅन इंजिनच्या बेल्टवर फिरतो त्यामुळे स्लोवर वारा कमी, रेडिएटरमधलं पाणी तापतं आणि पाइपातल्या पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते ती गार होईपर्यंत चालू होत नाही.

त्यापेक्षा मिनिटभर चालू ठेवा, चोक हळूहळू आत ढकला आणि अक्कलकोट रोडला वीसेक किलोमीटर आरामात फिरवून आणा, पंधरा दिवसांतनं एकदा पुरे. महिना-दोन महिने जमणारच नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा आणि गाडी चालूच करू नका, अर्धवट गरम करण्यापेक्षा ते परवडलं.