'भरून पावले' म्हणजे तृप्त झाले का?

प्रश्न असा आहे : मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात येशू ढोंग्यांविषयी म्हणतो, 'ते आपले प्रतिफळ भरून पावले आहेत.' आपण तर मन तृप्त झालं की 'भरून पावलो' म्हणतो. मग हा टोमणा समजायचा का? आणि साक्ष देताना, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगताना, 'देवाच्या कृपेने भरून पावलो' म्हणावं की टाळावं?

टोमणा नाही. इथे 'भरून पावणे' देण्याघेण्याच्या व्यवहारातल्या अर्थाने आलं आहे. 'पावणे' म्हणजे मिळणे. 'पावती' हा शब्द त्यातूनच आला. 'सर्व रक्कम भरून पावलो' असं लिहून दिलं की देणं फिटलं, पुढे मागायला काही उरत नाही. तृप्तीचा अर्थ यालाच लागून आहे, आणि त्रासून म्हटलेलं 'भरून पावलो रे बाबा' सुद्धा : आता आणखी नको.

मूळ ग्रीकमधलं 'अपेखो' हे क्रियापदही पावतीचंच. इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसवरच्या जुन्या पावत्यांत रक्कम पूर्ण मिळाल्याची कबुली याच शब्दाने दिलेली आहे. मराठी अनुवादकाने नुसतं 'मिळाले' लिहून भागवलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

हे वाक्य त्या अध्यायात तीनदा येतं : दानधर्म, प्रार्थना आणि उपास यांविषयी. तिन्ही कामं चांगलीच. पण चौकात उभं राहून प्रार्थना करणाऱ्याला हवं काय होतं? लोकांनी पाहावं. लोकांनी पाहिलं, वाहवा केली, हिशोब चुकता झाला. त्याच्या पदरी काहीच पडलं नाही, असं येशू म्हणत नाही. मागितलं ते त्याला पुरेपूर मिळालं, आणि मला हेच जास्त भयंकर वाटतं. पित्याकडून येणं असं काही बाकीच राहिलं नाही. क्रियापदांचे काळही पाहा : ढोंग्यांसाठी 'पावले आहेत', तर गुप्तपणे देणाऱ्याला पिता फळ 'देईल'. माणसांची शाबासकी हातोहात मिळते. देवाची पसंती हवी असणाऱ्याला ती येणे बाकी ठेवून जगावं लागतं. 'ढोंगी' साठीचा ग्रीक शब्द मुळात रंगमंचावरच्या नटाचा, तेव्हा प्रेक्षकांची टाळी हाच त्याचा मेहनताना.

म्हणजे चांगलं काम कुणाच्या दृष्टीला पडूच नये का? तसंही नाही. त्याआधीच्याच अध्यायात, 5:16 मध्ये, लोकांनी तुमची सत्कर्मं पाहून स्वर्गातल्या पित्याचा गौरव करावा, असं येशूच सांगतो. लोक दोन्हीकडे पाहतात. गौरव कुणाच्या नावावर जमा होतो, एवढाच फरक. आणि तो बाहेरून दिसत नाही, करणाऱ्यालाच आत तपासावा लागतो.

साक्षीतलं तुमचं वाक्य निःशंक वापरा. फिलिप्पै शहरातल्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती पाठवलेली भेट पोचल्याचं बंदिवासातून कळवताना प्रेषित पौलही हेच ग्रीक क्रियापद वापरतो (फिलिप्पैकरांस पत्र 4:18). व्याकरणाची एक गोष्ट मात्र सांभाळा : 'पावणे' ला भूतकाळात 'ने' लागत नाही. 'त्याने प्रतिफळ पावले' नव्हे, 'तो प्रतिफळ पावला'. 'तिने' नव्हे, 'ती भरून पावली'.