काकांच्या मागे राहिलेली स्केल मॉडेल किट: जोडून विकावीत की तशीच?

जोडू नका. कुणाला पैसे देऊन तर मुळीच जोडून घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की काका लंडनजवळ राहायचे. त्यांच्या मागे माळ्यावर शंभरेक किट (खऱ्या विमानांच्या, रणगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती जोडायचे प्लास्टिकचे सुटे भाग) खोक्यांत पडून आहेत, दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात त्यांनी स्वतः जोडलेली विमानं आणि रणगाडे आहेत, आणि उरलेली किट कुणाकडून तरी जोडून, रंगवून घेतली तर भाव चांगला येईल असं घरच्यांना वाटतंय. तसं वाटणं साहजिक आहे. लाकडाला सुताराचा हात लागला की किंमत चढते, मग इथेही तसंच असणार, असं कुणीही म्हणेल. मी इंग्लंडात राहतो, हा छंद मलाही आहे आणि अशा दोन-तीन घरांतला साठा निकाली काढायला मदत केली आहे, म्हणून खात्रीने सांगतो: इथे हिशेब उलटा चालतो. ज्या किटचे वीस पौंड सहज येतात, तेच किट साधारण हाताने जोडलं की पाच पौंडांनाही गिऱ्हाईक मिळेलच असं नाही.

कारण सरळ आहे. किट घेणाऱ्याला जोडण्याचं कामच हवं असतं. कुठल्या स्क्वाड्रनचा रंग द्यायचा, चाकं खाली ठेवायची की वर, किती जुनाट दाखवायचं, हे त्याला स्वतः ठरवायचं असतं. न शिवलेलं कापड कुणीही घेईल, दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा कोण घेणार? त्यात पोस्टाची भानगड. जोडलेल्या विमानाची अँटेना, पिटो ट्यूब (वेग मोजायची बारीक नळी), प्रोपेलरची पाती, जहाजाचे दोर हे सगळं कितीही कापूस भरला तरी वाटेत मोडतं. म्हणून बरेच जण जोडलेली मॉडेल फक्त 'स्वतः येऊन घेऊन जा' या अटीवर विकतात, आणि मग गिऱ्हाईक आसपासच्या गावांपुरतंच उरतं.

आता न जोडलेल्या खोक्यांबद्दल, कारण तुमचे खरे पैसे तिथे आहेत. पण 'जुनं म्हणजे महाग' हे डोक्यातून काढा. किटचं वय फारसं मोजलं जात नाही. तेच किट आज दुकानात नवं मिळतं का, आणि उद्या पुन्हा निघण्याची शक्यता किती, यावर भाव ठरतो. प्लास्टिक किट पोलादी साच्यातून निघतात, साचा पन्नास वर्षंही टिकतो, आणि कंपनीला वाटेल तेव्हा ती त्याच साच्यातून पुन्हा माल काढू शकते. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचं एकास चोवीस मापाचं (खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाएवढं) मोठं स्पिटफायर लढाऊ विमान १९७० साली आलं आणि त्यानंतर वेगवेगळ्या खोक्यांतून कितीदा तरी परत आलं. त्याचं जुनं खोकं फक्त त्यालाच मोलाचं, ज्याला त्या खोक्यावरचं चित्र हवं आहे. शिवाय एअरफिक्स आता जुन्या साच्यांतली कितीतरी किट 'व्हिंटेज क्लासिक्स' नावाने मुद्दाम परत काढते.

याहून मोठा फटका नव्या साच्याचा. एअरफिक्सचं एकास बहात्तर मापाचं व्हल्कन बॉम्बर १९८३ चं. मधल्या काळात ते दुकानांतून गायब असायचं तेव्हा लोक हातघाईने घ्यायचे. २०२१ मध्ये त्याच कंपनीने, त्याच मापात, अगदी नव्या साच्याचं व्हल्कन काढलं. त्यात पॅनेलच्या (पत्र्यांच्या सांध्यांच्या) रेषा बारीक कोरलेल्या, भाग नेमके बसणारे. मग जुन्यासाठी कोण धडपडेल? काकांच्या साठ्यात असं जुनं व्हल्कन असेल तर ते विका जरूर, पण दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलेला आकडा मनात धरू नका.

उलट बाजूचं उदाहरण म्हणजे विंगनट विंग्ज. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांची ही न्यूझीलंडमधली कंपनी. २००९ पासून ती पहिल्या महायुद्धातली विमानं एकास बत्तीस मापात काढायची आणि थेट ग्राहकाला विकायची. माहितीपुस्तिका इतकी देखणी की नुसती वाचायलाही मजा यायची. २०२० मध्ये कंपनीचं काम थांबलं. माल येणं बंद झालं आणि हातात असलेल्या किटचे भाव मूळ किमतीच्या दुप्पट-तिप्पट झाले, काहींचे त्याहूनही वर गेले. काकांच्या माळ्यावर यातलं एकही खोकं निघालं तर ते वेगळं काढा, उघडू नका, आणि ढिगात घालून मुळीच विकू नका. इटलीच्या पोखेर कंपनीची एकास आठ मापाची जुनी मोटारगाड्यांची किटही अशीच बाजूला काढायची. रोल्स-रॉइस, आल्फा रोमिओ, बुगाटी अशा गाड्या, हजारांवर भाग, त्यांतले कितीतरी धातूचे.

फ्रॉग हे नाव दिसलं तरी थांबा. ही ब्रिटिश कंपनी १९७० च्या दशकात बंद झाली. तिचे बरेचसे साचे सोव्हिएत युनियनला गेले आणि तीच विमानं नोव्हो नावाने साध्या वेष्टनांत परत ब्रिटनच्या बाजारात आली. यांतली सगळी महाग नाहीत, पण काही विमानं अशी आहेत की दुसऱ्या कुणी फारशी केलीच नाहीत, आणि जमवणारे त्यांच्या शोधात असतात. एअरफिक्सच्या सुरुवातीच्या काळातल्या, वर कागदी पट्टी लावलेल्या पिशव्यांचंही तसंच. १९५२ मध्ये त्यांचं 'गोल्डन हाइंड' जहाज वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगला अशाच पिशवीतून विकलं गेलं. अशी पिशवी मिळाली तर तिच्या वरची पट्टी फाडू नका. भाव त्या पट्टीला आहे.

कुठलं किट कुठल्या वर्गातलं हे कळायला स्केलमेट्स नावाची फुकट साइट आहे. खोक्यावरचा क्रमांक टाकला की तो साचा मुळात कोणत्या साली झाला, नंतर कोणत्या खोक्यांतून परत आला आणि त्याच विषयाची दुसऱ्या कंपन्यांची किट कोणती, हे एका पानावर दिसतं. मग ईबेवर जाऊन फक्त विकून झालेल्या मालाचे भाव पाहा. मागणारा कितीही मागतो. दोनशे पौंडांची पाटी लावून चार वर्षं पडून असलेली किट मी पाहिली आहेत, आणि तेच किट शेजारी पस्तिसाला विकलं जात असतं.

विकण्याआधी प्रत्येक उघडं खोकं तपासायला बसावं लागेल. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. आत डिकलचा (मॉडेलवर चिकटवायच्या खुणा-अक्षरांचा) कागद आहे का, माहितीपत्रक आहे का, काचेचे भाग वेगळ्या पिशवीत शाबूत आहेत का, स्प्रूवरून (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात तिच्यावरून) काही तोडलंय का, हे बघा. एखादा पंख जोडून सोडून दिलेलं किट असेल तर विकताना तसं स्पष्ट लिहा. डिकल पिवळे पडलेले असतील तर घाबरू नका, खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस उन्हात ठेवले की पुष्कळदा उजळतात. हा उपाय इथले सगळे जुने मॉडेलवाले करतात, फक्त इंग्लंडच्या उन्हात त्याला वेळ लागतो. रणगाड्यांच्या जुन्या किटमध्ये मऊ व्हिनाइलचे पट्टे असतात आणि मोटारींत मऊ टायर. ते स्प्रूला टेकून वर्षानुवर्षं राहिले तर त्यांतलं रसायन पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लास्टिकला, वितळवतं आणि भागांवर चट्टे पडतात. असे पट्टे दिसले की लगेच वेगळ्या पिशवीत घाला. प्लास्टिकच्या पातळ वेष्टनात सीलबंद असलेली खोकी मात्र तशीच ठेवा. आत काय आहे हे बघायची उत्सुकता तुमच्या खिशातून जाईल.

आणखी एक गोष्ट, जी घरचे लोक बहुतेक वेळा कचऱ्यात टाकतात. खणांत, डब्यांत छोट्या चपट्या पाकिटांतून पितळी पत्र्याचे कोरीव भाग, रेझिनच्या सीट, सुटे डिकलचे कागद असतील. वेगळ्या कंपन्यांनी थोड्या संख्येने काढलेला हा माल एकदा संपला की संपतो. हाताच्या तळव्याएवढ्या डिकलच्या कागदाला तो ज्या किटसाठी काढला त्याच्याहून जास्त पैसे आलेले मी पाहिले आहेत. भारतीय हवाई दलाच्या खुणांचे कागद मिळाले तर तेही जपून ठेवा. पुण्या-मुंबईत आणि बेंगळुरूत ते शोधणारे लोक आहेत. एअरब्रश (रंग फवारायचं पेन) आणि त्याला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर चालू असतील तर त्यांचेही चांगले पैसे येतात.

विकण्याच्या वाटा दोनच. एकेक किट ईबेवर टाकायचं, त्यात सगळ्यात जास्त मिळतं, पण फोटो, वजन, पोस्ट, तक्रारी यांत काही महिने जातात. नाहीतर जुन्या किटचा व्यापारी बोलवायचा. तो सगळं एकदम उचलून नेतो आणि बाजारभावाच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत देतो. ही फसवणूक नव्हे. त्यालाही तोच साठा काही वर्षं सांभाळून एकेक करून विकायचा असतो. माझा सल्ला असा की वर सांगितलेली खास खोकी बाजूला काढून ती तुम्ही स्वतः विका, आणि उरलेला ढीग व्यापाऱ्याला द्या. रोजची एकास बहात्तर मापाची लढाऊ विमानं तीन-चार पौंडांसाठी एकेक पॅक करत बसण्यात तुमच्या शनिवार-रविवारांचं नुकसान आहे. फक्त यादी आधी करा, आणि ती करताना काकूंना सोबत बसवा. कोणतं किट काकांनी कशासाठी घेतलं होतं हे काकूंनाच माहीत असेल.

आता काचेचं कपाट. यातून पैसे काढायच्या मागे लागू नका, अपवाद फार थोडे आहेत. काकांनी स्पर्धांत बक्षिसं मिळवली असतील, किंवा लोक त्यांना पैसे देऊन मॉडेल करून घेत असतील, तर त्या नावाला भाव असतो. मोठ्या मापाच्या, नीट केलेल्या मोटारी आणि जहाजं सजावटीसाठी विकली जातात. एखादं किट न जोडलेलं मिळतच नसेल तर त्याचं जोडलेलं मॉडेलही लोक घेतात. ते फ्रीझरमध्ये ठेवून काही प्रकारचे सांधे सोडवतात, रंग उतरवतात आणि पुन्हा पहिल्यापासून जोडतात. म्हणून एखादं मॉडेल तुम्हाला भयंकर दिसलं तरी ते स्केलमेट्सवर शोधल्याशिवाय फेकू नका.

बाकीच्यांना पैशांत मोजू नये असं मला मनापासून वाटतं. त्यांत काकांच्या हजार संध्याकाळी आहेत. धूळ मऊ, कोरड्या मेकअपच्या ब्रशने काढा, ओलं फडकं लावू नका. प्रत्येकाचा फोटो काढा आणि खाली काय लिहिलंय ते वाचा. बरेच जण मॉडेलच्या पोटावर किंवा पाटावर साल आणि नाव लिहितात. काकूंना, मुलांना, तुम्हाला जी आवडतील ती ठेवून घ्या. उरलेल्यांसाठी जवळच्या मॉडेल क्लबला लिहा. आयपीएमएस या मॉडेल करणाऱ्यांच्या संस्थेच्या शाखा जवळपास प्रत्येक परगण्यात आहेत, आणि दिवंगत सभासदाची मॉडेल प्रदर्शनात एका टेबलावर एकत्र मांडायला क्लबचे लोक आनंदाने तयार होतात. काका सभासद नसले तरी विचारा. संग्रहालयांना विचारायला हरकत नाही, पण त्यांच्याकडे जागा नसते, बहुतेक नकारच येतो. शाळेला द्यायचं असेल तर ज्याची मोडतोड झाली तरी तुम्हाला वाईट वाटणार नाही तेच द्या.

घाई असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. दर नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमधल्या टेलफर्डला आयपीएमएसचं मोठं प्रदर्शन भरतं. जुन्या किटचे व्यापारी आणि जमवणारे तिथे एका छताखाली मिळतात. यादी आणि फोटो फोनमध्ये घेऊन एक दिवस नुसते फिरलात तरी दोन-तीन ठिकाणचे भाव कळतील आणि मग कुणाला बोलवायचं ते ठरवता येईल.

काही किट पुण्याला पुतण्यासाठी पाठवायची म्हणालात. कुरिअरने पाठवलीत तर तिकडे कस्टम्स ड्युटी लागू शकते आणि किटपेक्षा पाठवणंच महाग पडेल. कुणी येणारं-जाणारं असेल तर खोकं चपटं करून, आतल्या पिशव्या कपड्यांमध्ये घालून बॅगेतून न्या, माहितीपत्रक आणि डिकल मात्र पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत सपाट ठेवा. हम्ब्रोलच्या एनॅमल रंगाच्या डब्या, थिनर आणि ग्लू ज्वालाग्राही असतात, विमानात नेता येत नाहीत. ते क्लबमध्ये कुणालातरी देऊन टाका.