शहर काढून घेतलं तर पिक्चर उरतो का? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मोठ्या शहरातले डिटेक्टिव्ह पिक्चर मला जाम आवडतात. पण हल्ली बऱ्याच ठिकाणी शहर म्हणजे नुसते ड्रोन शॉट आणि रात्रीचे लाइट, बाकी सगळं पोलीस स्टेशनातल्या एका खोलीत. गुन्ह्याच्या गोष्टीला शहर खरंच लागतं का?

उत्तर : लागतं हो! मी एकच कसोटी लावते, हीच गोष्ट उचलून छोट्या गावात नेली तर चालेल का? चालत असेल तर शहर नुसतं मागच्या पडद्यावर रंगवलेलं आहे असं समजा. गावात अनोळखी माणूस दिसला की चार जण विचारतात कुणाकडे आलात म्हणून, शहरात कुणी कुणाला विचारत नाही, आणि गुन्हेगाराला लपायला जे सोयीचं तेच तपास करणाऱ्याला नडतं, सगळी गंमत तिथे आहे.

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा 'स्ट्रे डॉग' (1949) बघा. टोकियोत भयंकर उकाडा, बसमध्ये माणसं चिकटून उभी, आणि त्या गर्दीत एका नवख्या डिटेक्टिव्हचं पिस्तूल चोरलं जातं, आत सात गोळ्या. एका पाकीटमार बाईचा तो दिवसभर पिच्छा पुरवतो, शेवटी ती वैतागून सांगते की फाटका माणूस बनून गरीब वस्त्यांमधून फिर, पिस्तुलांचा धंदा करणारे आपणहून तुला गाठतील. मग हा जुना सैनिकी ड्रेस चढवून काळ्या बाजाराच्या गल्ल्यांमधून नुसता चालत राहतो, कितीतरी मिनिटं डायलॉग जवळपास नाहीच, फक्त पाय, घाम, दुकानं, भाजणारं ऊन, आणि यातलं बरंचसं शूटिंग खऱ्या बाजारात कॅमेरा लपवून केलंय, इशिरो होंडाने, ज्याने पुढे गॉडझिला काढला तोच. काहींना हा भाग लांबलाय असं वाटतं, मला अजिबात पटत नाही. युद्ध हरून चारच वर्षं झालेलं शहर काय खातंय, काय विकतंय, कुठे झोपतंय हे त्या चालण्यात दिसतं, आणि ज्याच्या हातात ते पिस्तूल गेलंय त्याच्यात आणि आपल्या डिटेक्टिव्हमध्ये फार फरक नाही हे कुणी न सांगता कळायला लागतं. पुढे बेसबॉलच्या स्टेडियममध्ये हजारो लोकांतून एका माणसाला गाजावाजा न करता बाहेर काढायचंय, तो सीन तर मी कितीही वेळा बघू शकते.

प्रश्न : खुनी कोण हे सुरुवातीलाच कळलं तर बघायचं काय? माझा तरी मूडच जातो.

उत्तर : असं वाटणं साहजिक आहे, पण फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा जर्मन पिक्चर 'एम' (1931) एकदा बघाच. मुलांना मारणारा माणूस आपल्याला लवकर दिसतो, तरी श्वास अडकतो, कारण प्रश्न कोण हा नसून एवढ्या मोठ्या शहरात याला शोधणार कसं हा आहे. पोलीस रोज धाडी घालतात त्यामुळे चोरांचे धंदे बसतात, म्हणून चोरच त्याला पकडायचं ठरवतात आणि भिकाऱ्यांना एकेक रस्ता, एकेक अंगण वाटून देतात, कारण रस्त्यावर बसलेल्या भिकाऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं पण त्याचं सगळ्यांकडे असतं. आणि शेवटी ओळख पटते ती एका आंधळ्या फुगेवाल्याला, त्या माणसाच्या शिट्टीवरून! लांगचा हा पहिलाच बोलपट, आणि आवाजाचा असा वापर आज इतक्या वर्षांनीही फार कमी जणांना जमतो. पुढचं सांगत नाही.

प्रश्न : खऱ्या रस्त्यांवर शूट केलेलेच पिक्चर भारी असतात का?

उत्तर : असंच काही नाही. 'द नेकेड सिटी' (1948) न्यूयॉर्कच्या खऱ्या रस्त्यांवर केला, त्याला छायाचित्रणाचं आणि संकलनाचं ऑस्कर मिळालं. उलट हिचकॉकचा 'रिअर विंडो' (1954) न्यूयॉर्कमधला असूनही अख्खं अंगण आणि समोरच्या इमारती स्टुडिओत बांधलेल्या, तरी शेजाऱ्याची खिडकी रोज दिसते पण माणूस कसा आहे ते माहीत नाही, हे शहरातलं जगणं त्यात पुरेपूर आहे. जागा खरी नसली तरी चालतं, माणसांमधलं अंतर खरं पाहिजे.

प्रश्न : ब्लॅक अँड व्हाइट बघायची सवय नाही, सुरुवात कुठून करू?

उत्तर : परत कुरोसावाच, 'हाय अँड लो' (1963). योकोहामात टेकडीवर बुटांच्या कंपनीतल्या एका बड्या अधिकाऱ्याचं एसी घर, खाली उकाड्यात शिजणाऱ्या वस्त्या, आणि अपहरण करणारा चुकून त्याच्या ड्रायव्हरच्या मुलाला उचलतो. आता दुसऱ्याच्या मुलासाठी आपलं सगळं विकायचं का? जवळजवळ पहिला तासभर आपण त्या एका हॉलमध्येच असतो, तिथे कंटाळू नका प्लीज, कारण फोनवरचा माणूस पडदे ओढलेत हे सुद्धा ओळखतो म्हणजे तो खालून कुठूनतरी बघतोय, आणि मग पोलीस ते घर दिसेल असे फोन बूथ हुडकत फिरतात. नंतर फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे एका रेल्वेचा आवाज येतो, तो ऐकून रेल्वेतला माणूस लाइन कुठली ते सांगतो, पोलीस नकाशावर खुणा करत एकेक रस्ता तपासतात, कुणी एकटा हुशार हिरो नाही, सगळे मिळून घाम गाळतात. ब्लॅक अँड व्हाइटची अडचण वाटत असेल तर या पिक्चरमध्ये एका जागी अचानक रंग येतो, एकदाच, आणि तो क्लू आहे, त्यामुळे मोबाईल बाजूला ठेवून बघा.