कोल्ड स्टोरेजमधून अळी जिवंत कशी निघाली?

प्रश्न : अंबिया बहाराची संत्री तोडली त्या आठवड्यात नागपूरच्या कळमना बाजारात भाव पडला, म्हणून 40 कॅरेट कोल्ड स्टोरेजला ठेवले. बारा दिवसांनी काढले, दोन दिवस घरी राहिले, तर फळांत अळ्या! थंडीत अळी मरते असं ऐकलं होतं. पुढच्या वेळी 1 डिग्रीवर ठेवायला सांगू का?
– एक बागायतदार, काटोल

उत्तर : भाऊ, नका सांगू. अळी मरेल न मरेल, संत्रा नक्की मरेल.

मी 22 वर्षं नागपुरात कोल्ड स्टोरेज सांभाळलं. संत्र्याची खोली आम्ही 6 ते 7 अंशांवर ठेवायचो. तेवढ्यात फळ टिकतं. अळी मात्र नुसती गारठते, आणि बाहेरची ऊब लागली की पुन्हा वळवळते. फळमाशी सालीखाली अंडी घालते, ती तोडणीच्या वेळी दिसत नाहीत. म्हणजे तुम्ही अळी सोबतच आत नेली होती.

थंडीनं कीड मारायची पद्धत आहे, पण ती निराळी. अमेरिकेत भूमध्य फळमाशीसाठी गर 1.1 अंशावर 14 दिवस किंवा 2.2 अंशांवर 18 दिवस ठेवतात. गर म्हणतोय मी, खोलीची हवा नव्हे. फळांत तापमापकाची सुई खुपसलेली असते, आणि सगळ्यात उबदार फळ गार झाल्यावर पहिला दिवस धरतात. आमच्याकडे पाटीवर 6 दिसायचं, थप्पीच्या मधल्या कॅरेटमधल्या फळात 11. दार उघडं टाकून गप्पा मारणाऱ्या हमालांवर मी किती ओरडलो असेन! अमेरिकेची ती पद्धत वापरूनही 2001 मध्ये स्पेनच्या क्लेमेंटाइन संत्र्यांत अमेरिकेत जिवंत अळ्या निघाल्या. आयात थांबली, नंतर दिवस वाढवून वर सांगितले तेवढे केले गेले.

शिवाय ती भूमध्य फळमाशी आपल्याकडे नाही. आपल्या फळमाशीची जात वेगळी, तिला हे दिवस जसेच्या तसे लागू होत नाहीत. आणि आपला नागपुरी संत्रा इतकी थंडी सोसत नाही. सालीवर तपकिरी खड्डे पडतात, चव बिघडते. असं फळ घेणार कोण?

काम बागेतच करायचं. गळालेली फळं रोज वेचून दोन फूट खोल पुरा. अळी फळातून उतरून मातीतच कोष करते. फळमाशीला वासानं ओढणाऱ्या मिथाइल युजेनॉलचे सापळे लावा. त्यात नरच अडकतात, म्हणून माद्यांची काळजी संपत नाही. बारीक छिद्र आहे, पण आत अळी नाही, अशी फळं दिसली तर ते रसशोषक पतंगाचं काम. तो रात्री येतो, आणि त्याच्या अळ्या कुंपणावरच्या गुळवेलीवर वाढतात. तिकडेही बघा.

कॅरेट उरले असतील तर प्रत्येकातली पाच-सहा फळं आडवी कापून पाहा. अळी निघाली तर सगळं कॅरेट निवडा, आणि मऊ फळं उकिरड्यावर फेकू नका, पुरा.