आधी भोपळ्याचं पाणी काढा, मग पास्त्याचं पाणी घाला

शरद ऋतू लागला की लाल भोपळा, क्रीम आणि पास्ता या त्रिकूटाबद्दल प्रश्न येऊ लागतात. यंदाही आले. तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी निम्म्यांचं मूळ एकच आहे: भोपळ्यात राहिलेलं पाणी. म्हणून पहिलं उत्तर लांबलं आहे. पुढची त्याच्या आधारावरच वाचावीत.

प्रश्न (पुणे): भोपळा कुकरला शिजवून मिक्सरमधून काढला, २०० मिलिलिटर क्रीमचं अख्खं पाकीट ओतलं, तरी सॉस पचपचीत. पास्ता एकीकडे, पाणी एकीकडे. आणखी क्रीम घालावं का?

नको. क्रीमने सॉस जड होईल, पण मिळून येणार नाही. कुकरच्या वाफेत भोपळ्याचं पाणी उडून जात नाही, उलट त्यात वाफेचं पाणी मिसळतं. तो गर कितीही बारीक वाटला तरी ताटलीत पाच मिनिटांत त्याला पाणी सुटतं.

चौघांसाठी साधारण १ किलोची फोड घ्या. साल आणि बिया काढल्यावर ७०० ग्रॅमच्या आसपास उरेल. मंडईत कापलेली फोड घेताना गर गडद केशरी आणि कोरडा दिसतो का ते पाहा. कापलेला भाग ओला चकाकत असेल तर ती फोड भाजीला ठेवा. कच्च्या गराचा बारीक तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू दुधीसारखा कडू भोपळाही असतो, आणि तो कडवटपणा शिजवून जात नाही. कडू निघाला तर सरळ टाकून द्या.

तीन सेंटिमीटरच्या फोडी, एक मोठा चमचा तेल, अर्धा लहान चमचा मीठ. ओव्हन २०० अंशांवर, वरची-खालची दोन्ही कांडी चालू, ट्रे मधल्या खणात, ३० ते ३५ मिनिटं. विसाव्या मिनिटाला फोडी उलटा. त्या एकमेकींना चिकटून ठेवल्या तर भाजल्या न जाता वाफवल्या जातात, म्हणून लहान ओव्हनमध्ये दोन खेपा करा. कडा तपकिरी झाल्या आणि सुरी लोण्यासारखी आत गेली की झालं. ७०० ग्रॅमचा ४०० ते ४५० ग्रॅम गर उरतो. हा उडालेला भाग म्हणजेच तुमच्या सॉसमधलं पाणी.

ओव्हन नसेल तर कुकर चालेल, पण फोडींच्या भांड्यात थेंबभरही पाणी घालू नका आणि वर झाकण ठेवा. दोन शिट्ट्या पुरतात. मग गर वाटून जाड बुडाच्या कढईत १० ते १२ मिनिटं आटवा. तो पिठल्यासारखा रटरटतो आणि हातावर उडतो, तेव्हा लांब दांड्याचं उलथनं घ्या. तळाशी ओढलेली रेघ दोन-तीन सेकंद तशीच राहिली की गॅस बंद.

आता सॉस. ३० ग्रॅम लोणी आणि एक मोठा चमचा तेल एकत्र तापवा. त्यात एक लहान कांदा अगदी बारीक चिरून सात-आठ मिनिटं मंद आचेवर परता, रंग येऊ द्यायचा नाही. चार पाकळ्या ठेचलेला लसूण घालून एक मिनिट. मग ४०० ग्रॅम गर, दोन मिनिटं परतून १०० मिलिलिटर क्रीम किंवा सायीचं दूध, पाव लहान चमचा मिरपूड, दोन चिमटी जायफळ. हे सगळं मिक्सरमधून फिरवायचं असेल तर भांडं अर्धंच भरा आणि आधी पाच मिनिटं निवू द्या. गरम मिश्रणाची वाफ कोंडली तर झाकण उडतं.

३२० ग्रॅम पास्त्याला अडीच लिटर पाणी आणि २० ग्रॅम मीठ, म्हणजे एक शिगोशीग मोठा चमचा. पाकिटावर दिलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी एक नळी तोडून बघा: मध्ये पांढरट ठिपका दिसला पाहिजे. भाताच्या भाषेत, बोटचेपा. गाळण्याआधी दोन वाट्या पाणी काढून ठेवा आणि पास्ता सॉसमध्ये टाका. दीड वाटी पाणी थोडं थोडं घालत मध्यम आचेवर दोन मिनिटं सतत हलवा. त्या पाण्यात पास्त्याचा स्टार्च उतरलेला असतो. तो लोण्याचे थेंब आणि भोपळ्याचा गर एकत्र धरून ठेवतो. आधी भोपळ्याचं पाणी आटवायला लावून नंतर पाणीच घालायला सांगतोय हे विचित्र वाटेल, पण ही दोन पाणी वेगळी आहेत. गॅस बंद करून ५० ते ६० ग्रॅम किसलेलं चीज आणि एक लहान चमचा लिंबाचा रस.

पेने किंवा रिगातोनीसारखा, अंगावर रेघा असलेला नळीचा पास्ता घ्या, म्हणजे दाट सॉस आत शिरतो. स्पॅगेटीवरून तो घसरतो. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला हवा. ड्युरम म्हणजे आपल्याकडच्या बन्सी गव्हाची जात. मैद्याचा पास्ता शेवटच्या दोन मिनिटांत गिच्च होतो आणि दोष सॉसवर जातो.

प्रश्न (न्यू जर्सी): इथे ऑक्टोबरात दुकानासमोर भोपळ्यांचे ढीग लागतात. त्यातला कुठला घ्यावा? डब्यातला गर चालतो का?

कोरून दिवा ठेवायचे मोठे केशरी भोपळे स्वयंपाकाला घेऊ नका. पातळ गर, लांब दशा, चव जवळजवळ नाहीच. त्यांच्या बिया मात्र भाजून खा. बटरनट सगळ्यात सोपा: मान भरीव, बिया फक्त खालच्या फुगीर भागात, त्यामुळे वाया कमी जातो. तो लांबट दिसला तरी आपल्या लाल भोपळ्याचाच जातभाई आहे. उभे दोन भाग करून, कापलेली बाजू खाली ठेवून, २०० अंशांवर (तुमच्या ओव्हनवर ४०० फॅरनहाइट) ४५ ते ५० मिनिटं भाजा आणि चमच्याने गर खरवडून घ्या. हिरव्या सालीचा जपानी काबोचा चवीला आमच्या मते सर्वांत चांगला, पण उकडलेल्या रताळ्यासारखा कोरडा. त्याचा ३५० ग्रॅम गर पुरे आणि पास्त्याचं पाणी अर्धी वाटी जास्त.

डबा चालतो. १५ औंसाचा, म्हणजे ४२५ ग्रॅमचा डबा चौघांना नेमका पुरतो. पण लेबल वाचा. शेजारीच अगदी तशाच दिसणाऱ्या डब्यात साखर, दालचिनी, लवंग घातलेलं ‘पाय’ (pie) या गोड पदार्थाचं मिश्रण असतं, आणि ते लसणाच्या फोडणीत पडलं की रात्रीच्या जेवणाचं काही खरं नाही. साधा गर लोण्यावर सहा-सात मिनिटं, रंग एक छटा गडद होईपर्यंत परता. डब्याचा कच्चट वास जातो.

प्रश्न (ठाणे): क्रीम घातल्यावर सॉस फुटतो आणि चीजचे रबरासारखे गोळे होतात. दोन्ही एकाच वेळी!

कारणं दोन आहेत. आपल्याकडच्या पाकिटातल्या क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो, अमेरिकेतल्या हेवी क्रीममध्ये किमान ३६ टक्के. स्निग्धांश कमी, तितकं ते उकळी आणि आंबट यांच्यापुढे लवकर हार मानतं. म्हणून आच मंद करून मगच क्रीम घाला, त्यानंतर खळाखळा उकळू नका, आणि लिंबू गॅस बंद केल्यावर. क्रीम नसेल तर १५० मिलिलिटर सायीच्या दुधात एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर गार असतानाच कालवून घाला, ते फुटत नाही. फुटलेला सॉस बहुतेक वेळा वाचतो: पास्त्याचं गरम पाणी तीन चमचे घालून मिक्सरमध्ये २० सेकंद फिरवा.

चीजचं वेगळं. मुरवलेल्या चीजमधली प्रथिनं जास्त उष्णतेने आक्रसतात, एकमेकांना धरतात आणि तूप बाहेर टाकतात. गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, चीज अगदी बारीक किसून तीन हप्त्यांत घाला. झालेले गोळे परत विरघळत नाहीत, गाळून टाका. मोझरेला इथे घालू नका, तार सुटते. साध्या प्रोसेस्ड चीजला नाकं मुरडू नका. त्यात चीज एकजीव ठेवणारे क्षार घातलेले असतात, त्यामुळे ते फुटत नाही. फक्त खारट असतं, म्हणून सॉसमधलं मीठ शेवटी चाखूनच घाला.

प्रश्न (नाशिक): सगळं नीट जमतं, पण गोड लागतं. घारग्यांचं सारण खातोय असं वाटतं.

भोपळा गोडच आहे. तो भाजल्यावर आणखी गोड लागतो आणि महिना-दोन महिने साठवलेला असला तर त्यातल्या स्टार्चची साखर झालेली असते. तिच्याशी भांडू नका, समोर काहीतरी उभं करा. बहुतेक घरी आधी मीठ कमी पडलेलं असतं, विशेषतः पास्त्याच्या पाण्यात. ते तपासा. मग लिंबू, मग भरड मिरी किंवा लसणाबरोबर परतलेली एक सुकी मिरची. वरून जाडसर कुटलेले अक्रोड टाकले तर त्यांचा किंचित तुरटपणाही उपयोगी पडतो.

उत्तर इटलीतलं मांतोवा हे गाव भोपळा भरलेल्या तोर्तेल्लीसाठी प्रसिद्ध आहे. नाताळच्या आदल्या रात्रीचं, मांसाहार वर्ज्य असतानाचं हे जेवण. तिथे गोडवा लपवत नाहीत, सारणात चक्क बदामाची बिस्किटं चुरून घालतात. पण सोबतीला मोस्तार्दा असतो, मोहरीच्या झणक्याच्या पाकातली फळं, शिवाय खारट चीज आणि जायफळ. मोहरी फेसून केलेलं लोणचं ज्यांना आवडतं त्यांना ही जोडी लगेच कळेल. पाव लहान चमचा मोहरीची पेस्ट तुमच्या सॉसमध्ये घालून बघा. जायफळ मात्र दोन चिमटींच्या वर नको. आपल्या जिभेला ते पुरणपोळीचं आहे, जास्त पडलं की सॉस पुन्हा गोडाच्या पंक्तीत जाऊन बसतो.

प्रश्न (नागपूर): प्रत्येक कृतीत सेज या परदेशी सुगंधी झुडपाची पानं सांगतात. इथे मिळत नाहीत.

वाळलेल्या सेजची पूड मिळाली तरी घेऊ नका, तिला कपाटाचा वास येतो. ताजी थाइम मिळाली तर उत्तम. नाहीतर कुंडीतल्या पानओव्याची दोनच पानं बारीक चिरून लोण्यात. वास थाइमच्या जवळ जातो, पण फार उग्र, तिसरं पान नको. कुरकुरीतपणासाठी कढीपत्ता तुपात तळून वर चुरडा. चव सेजची येणार नाही, वेगळी येईल, आणि भोपळ्याला शोभते.

प्रश्न (कोल्हापूर): आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण नसतो आणि सासूबाई चीजला अंडं-मांस लागतं का विचारतात.

सासूबाईंची शंका रास्त आहे. चीजमध्ये सहसा अंडं नसतं, पण खऱ्या पार्मिजानो रेज्जानो या मुरवलेल्या इटालियन चीजचं दूध वासराच्या जठरातल्या रेनेटनेच विरजावं असा इटलीतला नियम आहे. त्यामुळे ते शाकाहारी नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर हिरवा ठिपका बघा.

कांदा-लसणाशिवाय करताना भोपळा पाच मिनिटं जास्त, कडा चांगल्या गडद होईपर्यंत भाजा. एरवी कांदा जी खोली देतो ती इथून येते. तुपात पाव लहान चमचा हिंग, अर्धा लहान चमचा भरड बडीशेप, मग गर. चीज अजिबात नको असेल तर ५० ग्रॅम काजू गरम पाण्यात अर्धा तास भिजवून १०० मिलिलिटर पाण्यात गंधासारखे वाटा आणि क्रीमच्या जागी शेवटच्या दोन मिनिटांत घाला. काजू तापले की घट्ट होतात, म्हणून पास्त्याचं पाणी हाताशी ठेवा. (लाल भोपळा उपासाला चालतो म्हणून हा पास्ताही चालेल का, असंही एका पत्रात आहे. पास्ता गव्हाचा आहे, तेव्हा नाही.)

प्रश्न (डोंबिवली): कोजागरीला १२ जण आहेत. आधी काय करून ठेवता येईल?

सॉस आदल्या दिवशी, पण दूध-क्रीम-चीज न घालता. २ किलो १०० ग्रॅम साफ केलेला भोपळा, म्हणजे ३ किलो विकत आणा. असा गर फ्रिजमध्ये तीन दिवस आणि फ्रीझरमध्ये दोन महिने राहतो. गर, लोणी, चीज तिप्पट घ्या. मिरी, लिंबू दुप्पटच घेऊन चाखा. जायफळ तर निम्मं करा, नंतर आटीव दुधात ते येणारच आहे.

एक किलो पास्ता एका पातेल्यात शिजवू नका. घरगुती शेगडीवर पाण्याची उकळी बसते आणि पास्ता चिकटतो. ५०० ग्रॅमच्या दोन खेपा, वेळेच्या तीन मिनिटं आधी उतरवा, थोडं तेल चोळून परातीत पसरा. तासभर ठीक राहतो. दीड लिटर पाणी राखून ठेवा. पानं मांडली की दोन कढयांत सॉस गरम करून पास्ता त्यात संपवा, आणि ताटात हवा त्यापेक्षा थोडा पातळच ठेवा. वाढून होईपर्यंत पास्ता तो पिऊन टाकतो.

प्रश्न (मडगाव): इतका खटाटोप रोज कोण करणार? मिक्सर, ओव्हन काहीच न लागणारा प्रकार आहे का?

आहे, आणि तो नेपल्सचा आहे. तिथे क्रीमही लागत नाही. तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेलात तीन पाकळ्या लसूण, एक सुकी मिरची, मग ५०० ग्रॅम भोपळ्याच्या दीड सेंटिमीटरच्या फोडी आणि मीठ. झाकून मंद आचेवर १५ मिनिटं, फोडी अर्ध्या मोडेपर्यंत. ८०० मिलिलिटर उकळतं पाणी आणि ३०० ग्रॅम लहान पास्ता त्यातच घाला. डब्यांच्या तळाशी उरलेले वेगवेगळे आकार एकत्र करून टाकायचीच तिथली पद्धत आहे. १० ते १२ मिनिटं ढवळत राहा, पाणी कमी पडलं तर पाव पाव वाटी गरम पाणी वाढवा. इथे गाळायचं काही नाही, सगळा स्टार्च कढईतच राहतो. वरून पार्स्ली किंवा कोथिंबीर घाला आणि झाकण ठेवून पाच मिनिटं थांबा. तेवढ्यात तो आपोआप दाट होतो.